बिऱ्हाड पाठीवर

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, असे ज्याच्याविषयी म्हणतात त्याची म्हणणाऱ्याला थोडी कीव येत असते आणि थोडा हेवाही वाटत असतो. कीव घर नसल्याची. हेवा घराच्या काळजीतून सुटल्याचा. दक्षिण युरोपात असे बिऱ्हाड आपखुशीने पाठीवर घेऊन हिंडणाऱ्या तरुणांचे थवे दर उन्हाळ्यात दिसतात. स्पेनमधील एखाद्या स्थानकाच्या फरशीवर, इटलीतील एखाद्या गल्लीतल्या सावलीत, ग्रीक बोटीच्या उघड्या डेकवर ते बसलेले असतात. शेजारी कमरेएवढी सॅक, हातात पाव आणि टोमॅटो, चेहऱ्यावर रात्रभर नीट झोप न झाल्याची खूण. अलीकडे या थव्यांत मराठीही ऐकू येते. तीन-चार मित्र, महिनाभराची रजा, बेताचे पैसे आणि घरून बांधून दिलेला शंकरपाळ्यांचा डबा, एवढ्या भांडवलावर ग्रनादापासून अथेन्सपर्यंतची मजल मारण्याचे बेत आखले जातात. त्यांतील बरेचसे कागदावरच विरतात, काही वाटेत मोडतात. आणि गंमत अशी की, परत आल्यावर मंडळी जे रंगवून सांगतात ते बहुधा मोडलेल्या बेताविषयीच असते.

हे बेत का मोडतात ते पाहण्यासारखे आहे. आळस किंवा दुर्दैव ही कारणे त्या मानाने थोडी. बहुतेक वेळी घडते ते इतकेच की, प्रत्येक देशाचे एक अंगवळणी पडलेले वेळापत्रक असते, ते कोठे लिहून लावलेले नसते, आणि परका माणूस ते आपल्या घरच्या घड्याळाने वाचू पाहतो.

अशा प्रवासाची परंपरा तशी जुनी आहे, पण ती गरिबांची नव्हती. सतराव्या-अठराव्या शतकांत इंग्लंडातील जमीनदारांची मुले शिक्षण पुरे करण्यासाठी इटलीला जात, तेव्हा त्यांच्याबरोबर शिकवणारा पंतोजी, नोकर आणि हुंड्या असत. प्रवास घोडागाडीने आणि वर्ष-दोन वर्षांचा. पाठीवर पिशवी टाकलेल्या मुलाला त्या दुनियेत स्थान मिळाले ते एका शाळामास्तरामुळे. जर्मनीतील आल्टेना गावचे शिक्षक रिचर्ड शिरमान 1909 च्या ऑगस्टमध्ये विद्यार्थ्यांना घेऊन पायी हिंडत असता वादळात सापडले आणि सुटीमुळे रिकाम्या असलेल्या एका शाळेत त्यांनी रात्र काढली. रिकाम्या इमारतींतून मुलांच्या मुक्कामाची सोय करावी, ही कल्पना त्यांना तेथे सुचली. 1912 मध्ये आल्टेनाच्या किल्ल्यात युवकांचे पहिले कायमचे वसतिगृह सुरू झाले, आणि पुढे हीच पद्धत जगभर गेली. भारतातही तिची संघटना 1949 मध्ये स्थापन झाली. राहण्याची सोय झाली, राहता राहिला प्रवास. 1959 मध्ये युरोपबाहेरच्या लोकांसाठी युरेल पास निघाला आणि 1972 मध्ये युरोपातील तरुणांसाठी इंटररेल. एकच पास, महिनाभर मुदत, एकवीस देश, वयाची अट एकवीस वर्षांपर्यंत, असे इंटररेलचे मूळ स्वरूप होते. आता वयाची अट उरलेली नाही, पासांचे प्रकार वाढले आहेत; पण युरोपात वास्तव्य असणाऱ्याला इंटररेल आणि बाहेरच्याला युरेल, ही विभागणी कायम आहे.

पहिला अपघात या पासातच दडलेला असतो. पास हातात आला की सारी गाडी आपलीच, अशी समजूत होते. परंतु स्पेन आणि इटलीतील वेगवान गाड्यांत पास असला तरी जागेचे आरक्षण वेगळे करावे लागते आणि त्याचे पैसेही वेगळे पडतात. ज्या देशात आरक्षणाची यादी हा घरोघरी जिव्हाळ्याचा विषय आहे, तेथून आलेल्या माणसाने हे विसरावे याचे नवल वाटते. पण युरोपात सारे मोकळे असते, या ऐकीव कल्पनेने चांगली हुशार मंडळी फलाटावर राहतात आणि हळूहळू चालणाऱ्या स्थानिक गाड्या बदलत मुक्काम गाठतात. स्थानिक गाडीला आरक्षण लागत नाही. तिच्या खिडकीतून ऑलिव्हच्या बागा दिसतात हे खरे, पण त्या सलग तीन तास दिसतात.

स्पेनमध्ये तर घड्याळच परके आहे. माद्रिद शहर ग्रिनिचच्या रेखावृत्ताच्या पश्चिमेला आहे. तेव्हा सूर्याच्या हिशेबाने तेथील वेळ लंडनच्या किंचित मागे असायला हवी. ती आहे बर्लिनबरोबर. 1940 च्या मार्चमध्ये फ्रँकोच्या राजवटीने देशाची घड्याळे एक तास पुढे नेली, आणि युद्ध संपले, फ्रँकोही गेला, तरी ती मागे आली नाहीत. उन्हाळ्यात त्यात आणखी एका तासाची भर पडते. परिणामी माद्रिदला सूर्य माथ्यावर येतो तेव्हा घड्याळात दुपारचे सव्वादोन झालेले असतात, आणि जूनमध्ये रात्री साडेनऊ वाजून गेले तरी उजेड असतो. स्पॅनिश माणूस दोन-तीन वाजता जेवतो आणि रात्री नऊ-दहाला पुन्हा जेवतो, यावर प्रवासी लोक हसतात. पण त्याचे पोट सूर्याप्रमाणे चालते; घड्याळ तेवढे सरकारी आहे.

मित्रमंडळी मात्र संध्याकाळी साडेसहाला भुकेने व्याकूळ होऊन खानावळीच्या दारात उभी राहतात. चूल थंड, खुर्च्या टेबलांवर उलट्या. तत्पूर्वी दुपारी त्यांनी किराणा घ्यावा म्हटले तर लहान दुकानांची दारे दोनपासून पाचपर्यंत ओढलेली. वामकुक्षीचे महत्त्व ज्याला ठाऊक आहे, दुपारी एक ते चार दुकान बंद ठेवणाऱ्या पुण्याच्या दुकानदाराशी ज्याचा संबंध आला आहे, त्याने तरी हे समजून घ्यावे. पण स्वतःच्या गावी आपण ज्याला रीत म्हणतो त्याला परगावी गैरसोय म्हणतो. चार दिवस गेले की मंडळी आपोआप वळणावर येतात. दुपारी झोपतात, रात्री नऊनंतर बाहेर पडतात, आणि तेव्हा त्यांना कळते की, ज्या गावाला ती निर्जन समजत होती ते गाव, आजीपासून नातवंडापर्यंत, चौकात येऊन बसलेले आहे. ग्रनादात तर पेयाचा एक पेला मागवला की त्याबरोबर खाण्याची एक लहान बशी फुकट येते. ही तेथील प्रथाच आहे. चार मित्रांनी तीन ठिकाणे फिरली की जेवण झाले. शाकाहारी माणसाने तेवढे सांभाळावे. मांस नको म्हटल्यावरही भाजीवर हामोनचे, म्हणजे खारवलेल्या डुकराच्या मांसाचे तुकडे पेरून आणतात, कारण ते मांसात मोजण्याची अनेकांना सवय नाही.

याच ग्रनादात एक मोठा घोटाळा ठरलेला असतो. अलहम्ब्रा हा मूर राजांचा किल्लेवजा राजवाडा पाहण्यासाठी तिकीट आगाऊ घ्यावे लागते, तिकिटावर नाव असते आणि दाराशी पासपोर्ट तपासतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे आतील नस्री महालांत शिरण्याची वेळ तिकिटावर छापलेली असते. डोंगर चढून, बागा पाहत, फोटो काढत मंडळी रमतगमत येतात; महालांच्या दाराशी पोचतात तो ठरलेली वेळ उलटून गेलेली असते. पहारेकऱ्यापाशी विनवणीचा उपयोग होत नाही. ज्या देशात जेवणाची वेळ कोणी घड्याळाने पाळीत नाही, तेथे महालाची वेळ अशी मिनिटावर पाळली जावी, हा विरोधाभास त्या क्षणी फार बोचतो. अशा वेळी चौघांपैकी दोघे पुढे धावून आत गेलेले असतात आणि दोघे मागे राहिलेले असतात. आत गेलेल्यांनी बारा संगमरवरी सिंहांचे कारंजे पाहिले, मधाच्या पोळ्यासारखी कोरलेली छते पाहिली. बाहेर राहिलेले समोरच्या आल्बायसिन टेकडीवर सान निकोलासच्या चौकात गेले आणि सूर्य मावळताना तो सारा किल्ला तांबूस होताना, मागे सिएरा नेवाडाचा डोंगर जांभळा होताना त्यांनी पाहिला. अलहम्ब्रा म्हणजे अरबीत ‘तांबडी’, हे नाव तेथून पटते. तरीही खरे सांगायचे तर महाल चुकला तो चुकलाच. संध्याकाळच्या देखाव्याने त्याची भरपाई होते असे सांगणारे स्वतःची समजूत घालत असतात.

तेथून बार्सिलोना, आणि बार्सिलोनाहून रात्रीच्या बोटीने रोमजवळच्या चिवितावेक्किया बंदरात उतरले की इटलीची परीक्षा सुरू होते. ती नावांपासूनच. इटालियन भाषेत जर्मनीतील म्युनिक शहरालाही ‘मोनाको’ म्हणतात. भूमध्य समुद्रकाठचे चिमुकले मोनाको पाहायला निघालेला मनुष्य ‘मोनाको’ अशी पाटी वाचून गाडीत बसतो आणि सकाळी आल्प्सच्या पलीकडे जागा होतो, अशी कथा प्रवाशांत प्रसिद्ध आहे. रेज्जो नावाची दोन मोठी शहरे आहेत, एक उत्तरेत एमिल्यात आणि दुसरे पार दक्षिणेच्या टोकाला कालाब्रियात. त्यांच्यामधील अंतर हजार किलोमीटरच्या आसपास. स्नानगृहातील नळावर ‘सी’ हे अक्षर असते. इंग्रजी शिकलेला माणूस ते पाहून थंड पाण्यासाठी तो नळ सोडतो आणि पोळतो. इटालियनमध्ये ते ‘काल्दो’चे, म्हणजे गरमचे आद्याक्षर आहे. उलट खाण्याच्या बाबतीत एक गैरसमज शाकाहाऱ्याच्या पथ्यावर पडतो. अमेरिकेत पेपरोनी म्हणजे मांसाचे सॉसेज. इटलीत पेपेरोनी म्हणजे सरळसरळ ढोबळी मिरची. ‘मारिनारा’ या नावात समुद्र असला तरी त्या पिझ्झावर मासळी नसते, टोमॅटो, लसूण आणि ओरेगानो एवढेच असते, चीजही नसते. आणि नसते हे बरेच, कारण पार्मेसान चीज घट्ट करायला वासराच्या जठरातील द्रव्य वापरतात, हे कडक शाकाहारी मंडळींना पुष्कळदा प्रवास संपल्यावर कळते.

रेल्वेच्या कागदी स्थानिक तिकिटावर गाडीत चढण्यापूर्वी फलाटावरील लहानशा यंत्रातून वेळेचा शिक्का मारून घ्यावा लागतो. तसे न केल्यास तिकीट खरे असूनही दंड होतो, कारण बिनशिक्क्याचे तिकीट उद्या पुन्हा वापरता येईल, असा त्यामागचा हिशेब आहे. नियम तर्कशुद्ध आहे. पण तो तिकीट तपासनीसाच्या तोंडून प्रथम कळावा हे काही सुखाचे नव्हे. ‘शोपेरो’ हा दुसरा शब्द मित्रांनी घरूनच शिकून निघावा. त्याचा अर्थ संप. इटलीत रेल्वेचा संप अचानक होत नाही. 1990 च्या कायद्याप्रमाणे त्याची सूचना आधी द्यावी लागते, आणि कामाच्या दिवशी सकाळी सहा ते नऊ व संध्याकाळी सहा ते नऊ या वेळांत ठरलेल्या गाड्या सोडाव्याच लागतात. हे ठाऊक असलेला प्रवासी संपाच्या दिवशी पहाटे उठतो आणि निभावून नेतो. न जाणणारा दहा वाजता स्थानकावर येतो, मोठ्या फलकावर एकेका गाडीपुढे ‘रद्द’ झालेले पाहतो आणि सरकारला दोष देतो. पंधरा ऑगस्टचेही तसेच. त्या दिवशी इटलीत ‘फेर्रागोस्तो’ असतो. सम्राट ऑगस्टसने ख्रिस्तपूर्व 18 मध्ये शेतीचा हंगाम संपल्याबद्दल विश्रांतीचे दिवस ठरवून दिले. पुढे चर्चने त्याच सुमारास मेरीमातेच्या स्वर्गारोहणाचा सण मानला. आणि आज त्या निमित्ताने सारे शहर समुद्रकाठी जाते. आपला स्वातंत्र्यदिन साजरा करायला मिठाई आणावी म्हणून बाहेर पडलेली मंडळी बंद दारांवरच्या चिठ्ठ्या वाचत हिंडतात.

पण हेच रोम रिकाम्या खिशाच्या माणसाशी फार उदार आहे. शहरात रस्त्यारस्त्यावर ओतीव लोखंडाचे ठेंगणे नळ आहेत. 1874 पासून ते बसवले गेले, आज त्यांची संख्या अडीच हजारांच्या आसपास आहे, आणि वाकड्या तोटीवरून लोक त्यांना ‘नासोने’, म्हणजे मोठ्या नाकाचे, म्हणतात. पाणी अखंड वाहते, थंड असते आणि पिण्याचे असते. तोटीच्या वरच्या बाजूला एक भोक आहे. खालचे तोंड बोटाने दाबले की त्या भोकातून पाण्याची कमान उडते आणि ओंजळ न करता पिता येते. ही युक्ती एखादा म्हातारा रोमन हातवारे करून शिकवतो. चाळीस अंशांच्या उन्हात सॅक उतरवून त्या नळाखाली डोके धरणे, याहून मोठे सुख सबंध सहलीत नव्हते, असे सांगणारे प्रवासी पुष्कळ भेटतात.

दुसरी उदारता चर्चांची. ज्या चित्रांसाठी इतरत्र रांग लावून तिकीट घ्यावे लागते, तशी चित्रे रोमच्या चर्चांत ज्या भिंतींसाठी काढली त्याच भिंतींवर आजही आहेत, आणि ती पाहायला पैसे पडत नाहीत. सान लुईजी देई फ्रांचेसी या चर्चमध्ये काराव्हाज्जोची संत मॅथ्यूविषयीची तीन चित्रे आहेत, 1599 ते 1602 च्या दरम्यानची. करवसुली करणारा मॅथ्यू पैसे मोजत बसला आहे आणि येशू दारातून त्याच्याकडे बोट दाखवतो. त्या बोटाबरोबर उजेडाची एक तिरीप अंधाऱ्या खोलीत शिरते. अशा चर्चांतील अनेक देवळ्यांत एक छोटी पेटी असते, तिच्यात नाणे टाकले की चित्रावर दिवा लागतो आणि ठरावीक वेळाने विझतो. चौघे मित्र अंधारात उभे. कोण नाणे टाकणार यावर कुजबूज चाललेली. तेवढ्यात कोणी परका यात्रेकरू नाणे टाकतो आणि सगळ्यांसाठी चित्र उजळते. अर्थात दुपारी चर्चही बंद असते आणि उघडे खांदे वा गुडघे घेऊन आत जाता येत नाही. सॅकच्या तळाशी एक मोठा पंचा असला की दोन्ही अडचणींपैकी एक सुटते.

नाण्याची ही कुजबूज वाटते तितकी क्षुल्लक नसते. महिनाभराच्या प्रवासात मैत्रीला पहिला चरा जातो तो पैशाने, आणि तोही मोठ्या रकमेने नव्हे. इटलीत कॉफी उभ्याने प्यावी तर स्वस्त, टेबलाशी बसून प्यावी तर महाग. एकाचे पाय दुखतात म्हणून तो बसतो, बाकीचे संकोचाने बसतात आणि बिल चौघांत वाटले जाते. तिसऱ्या दिवशी कोणी म्हणतो, “अरे, तू बसलास म्हणून आम्ही बसलो.” तुझे तू, माझे मी, हा हिशेब एका संध्याकाळपुरता ठीक, महिनाभर तो केला तर रोज रात्री वसतिगृहाच्या पलंगावर चार लेखापाल बसलेले दिसतात. जाणते लोक आठवड्याच्या सुरुवातीला सारखी वर्गणी काढून एक पिशवी करतात, तिच्यातून जेवण, पाणी, बस भागवतात आणि ज्याला संग्रहालय किंवा आइस्क्रीम जास्त प्रिय असेल त्याने ते स्वतःच्या खिशातून करावे असे ठरवतात. पैशाखालोखाल चालीचा प्रश्न. एकाला प्रत्येक पुतळ्याखालचा मजकूर वाचायचा असतो, दुसऱ्याला बाराला उठायचे असते. यांना चोवीस तास एकत्र बांधून ठेवणे हा जुलूमच आहे. दुपारपुरते वेगळे व्हावे आणि संध्याकाळी भेटावे, हे उत्तम. मात्र भेटीची जागा ‘स्टेशन’ अशी मोघम ठरवू नये. रोमला तेर्मिनी आणि तिबुर्तिना अशी दोन मोठी स्थानके आहेत, आणि दोघे इकडे, दोघे तिकडे एकमेकांच्या बेजबाबदारपणावर संतापत दोन-दोन तास उभे राहिल्याचे दाखले थोडे नाहीत.

रोमहून गाडी दक्षिणेला ब्रिंदिसीकडे जाते. आज तेथे केवळ ग्रीसची बोट पकडायला लोक उतरतात, आणि संध्याकाळपर्यंत वेळ कसा घालवावा म्हणून कंटाळतात. हिंदी माणसाने तेथे कंटाळू नये. 1870 पासून पहिल्या महायुद्धापर्यंत लंडनची टपाल आगगाडीने याच बंदरात येत असे आणि येथून पी. अँड ओ. कंपनीच्या बोटीवर चढून सुएझमार्गे मुंबईला जात असे. मुंबईच्या पेढ्या ज्या दिवशी विलायती टपालाची वाट पाहत, त्या दिवसाचा एक धागा या धक्क्याला बांधलेला होता. ज्यूल्स व्हेर्नच्या ऐंशी दिवसांच्या प्रदक्षिणेतील फिलिअस फॉगही मुंबईकडे निघाला तो येथूनच. त्याहून फार पूर्वी रोमहून निघालेला आप्पियाचा राजरस्ता याच गावी संपे. ग्रीसहून परतताना आजारी पडलेला कवी व्हर्जिल ख्रिस्तपूर्व 19 मध्ये येथेच वारला. बंदरावर पायऱ्यांच्या माथ्याशी रोमन काळचा एक उंच स्तंभ उभा आहे. त्याचा जोडीदार 1528 मध्ये कोसळला आणि त्याचे तुकडे पुढे लेच्चे गावाला दिले गेले. त्या पायऱ्यांवर बसून पाव खाणाऱ्या मित्रांना हे सांगायला कोणी नसते. बोट सुटायला उशीर झाला तरच एखादा उठून पाटी वाचतो.

ग्रीसची वेळ इटलीच्या एक तास पुढे आहे. बोटीत झोपताना घड्याळ पुढे केले नाही तर सकाळी इगुमेनित्साच्या बंदरात कॉर्फूची पहिली छोटी बोट डोळ्यांदेखत जाते. हा फटका हलका म्हणावा लागेल. जड फटका कॉर्फूत बसतो. या बेटावरून समोर अल्बेनियाचा किनारा इतका जवळ दिसतो की, सारांदा बंदराची सकाळी जाऊन संध्याकाळी परत येण्याची सहल हा तेथील रोजचा व्यापार आहे. वसतिगृहातील युरोपीय मुले सहज म्हणतात, “चला!” आणि येथे भारतीय पासपोर्टाचा प्रश्न येतो. शेंगेन करारातील देशांत एकदा प्रवेश मिळाला की स्पेनहून इटली, इटलीहून ग्रीस, कोणी अडवत नाही, आणि त्यामुळे सीमा नावाची वस्तू जगात आहे याचाच महिनाभरात विसर पडतो. पण अल्बेनिया त्या करारात नाही. व्हिशावर प्रवेशांची संख्या लिहिलेली असते, एक, दोन किंवा अनेक. ज्याच्या व्हिशावर ‘एक’ आहे तो सारांदाला गेला की त्याचा प्रवेश संपला. संध्याकाळी समोर कॉर्फूचे दिवे दिसत असता तो परत येऊ शकत नाही, आणि त्याची सॅक, कपडे, परतीचे विमान सारे पलीकडच्या तीरावर. एकशे ऐंशी दिवसांत नव्वद दिवस, ही मुदत सर्वांना पाठ असते. हा एक आकडा मात्र घरी कोणी वाचलेला नसतो.

समजा, चौघांपैकी तिघांच्या व्हिशावर ‘अनेक’ आहे आणि एकाच्या ‘एक’. सहलीची तिकिटे काढण्यापूर्वी हे ध्यानात आले, एवढे नशीब. आता तिघांनी काय करावे? नियमांत याचे उत्तर नाही. “तुम्ही जा रे, मी समुद्रात डुंबतो,” असे चौथा म्हणतो, आणि तो ते मनापासून म्हणतो की नाही हे तिघांनी ओळखायचे असते. कधी तिघे जातात आणि दिवसभर बूत्रिंतच्या प्राचीन अवशेषांत हिंडताना त्यांचे लक्ष लागत नाही. कधी सगळेच राहतात, आणि मग चौथ्याला ते ओझे वाटते. सॅक हलकी असूनही प्रवास जड होतो तो अशा दिवशी.

ग्रीक भाषा मराठी कानाची विशेष थट्टा करते. तेथे ‘ने’ म्हणजे होय, आणि ‘ओही’ म्हणजे नाही. पहिला शब्द आपल्याला नकारासारखा ऐकू येतो, दुसरा हुबेहूब होकारासारखा. “ही बस अथेन्सला जाते का?” असे विचारल्यावर चालक “ने, ने” म्हणतो आणि मंडळी हिरमुसून खाली उतरतात. मान मागे टाकून भुवया उंचावल्या की नकार. त्याबरोबर जिभेचा ‘च्यक्’ असा आवाज काढला तर मात्र तो आपल्यालाही कळतो, कारण तेवढा एक नकार दोन्ही देशांत सारखा आहे. जेवणात तर ग्रीस इटलीपेक्षा आपल्याला जवळचा. उपासाच्या दिवसांत मांस, अंडी आणि दूध वर्ज्य करण्याची रीत ऑर्थोडॉक्स चर्चने शतकानुशतके चालवल्यामुळे कडधान्ये आणि तेलातल्या भाज्या तेथे घरोघरी उत्तम होतात. ‘फावा’ नावाचा पदार्थ समोर आला की मराठी माणूस चमकतो. ते घट्ट वरणच असते, वर तुपाऐवजी ऑलिव्हचे तेल आणि कच्चा कांदा. सांतोरिनी बेटावरील फावा ज्या दाण्याची करतात तो विदर्भातील लाखेच्या डाळीच्या कुळातलाच आहे.

अथेन्सचा अक्रोपोलिस पाहायला भर दुपारी जाऊ नये, एवढे सांगून पुढे जाण्यास हरकत नाही. 2023 च्या जुलैत उष्णतेची लाट आली तेव्हा तो दुपारी काही तास बंदच ठेवावा लागला होता, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरपासून दिवसाला वीस हजार माणसे अशी मर्यादा घालून तासातासाने प्रवेश देण्याची पद्धत सुरू झाली. पार्थेनॉनविषयी इतके लिहिले गेले आहे की येथे भर न घातलेली बरी.

बेटांकडे जायचे ते पिरेउस बंदरातून. बंदराचे बारा दरवाजे आहेत, एकापासून दुसरा पुष्कळ लांब. तिकिटावरील दरवाजाचा क्रमांक न वाचता मेट्रोतून उतरलेले मित्र सॅकसकट धक्क्याच्या कडेने धावताना रोज सकाळी दिसतात. बोट मिळाली की मात्र सारे विसरते. सर्वांत स्वस्त तिकीट काढून उघड्या डेकवर पथारी टाकावी, सॅक उशाला घ्यावी. पाण्याचा निळा रंग चित्रात खोटा वाटतो, तो येथे खरा असतो.

आणि येथेच, सहलीच्या शेवटच्या आठवड्यात, वारा सुटतो. जुलै-ऑगस्टमध्ये एजियन समुद्रावर उत्तरेकडून वाहणाऱ्या या कोरड्या वाऱ्याला ‘मेल्तेमी’ म्हणतात. प्राचीन ग्रीक त्यांना वार्षिक वारे म्हणत. आकाश निरभ्र, ऊन लख्ख, ढगाचा ठिपका नाही, आणि तरी समुद्र पांढऱ्या लाटांनी फुललेला. हा वारा का सुटतो याचे उत्तर मराठी श्रोत्याला ऐकण्यासारखे आहे. उन्हाळ्यात दक्षिण आशियावर जो कमी दाबाचा प्रदेश तयार होतो आणि ज्याच्या ओढीने आपल्याकडे पावसाळी वारे येतात, त्याचाच एक फाटा इराणवरून पश्चिमेकडे अनातोलियापर्यंत पसरतो. तिकडे बाल्कनच्या बाजूला दाब जास्त असतो. या दोहोंच्या मधल्या चिंचोळ्या वाटेवर एजियन समुद्र पडतो, आणि त्याच्यावरून हवा दक्षिणेकडे झेपावते. ज्या मान्सूनने कोकणात नद्यांना पूर आणून घरच्यांना अडकवलेले असते, त्याच्याच दूरच्या ओढीने ती मुले नाक्सोसच्या धक्क्यावर अडकलेली असतात.

वाऱ्याचा जोर बोफोर्टच्या मोजणीत 8 किंवा 9 वर गेला की बंदराचे अधिकारी बोटी सोडण्यास मनाई करतात. धक्क्यावर गर्दी होते, तिकीटघरात एकच उत्तर मिळते, ‘उद्या, कदाचित’. परवा अथेन्सहून विमान. एक जण फोनवर विमान कंपनीशी बोलतो, दुसरा पिशवीतले उरलेले पैसे मोजतो, तिसरा कोणी आधी निघायला सांगितले होते याची आठवण काढतो, आणि चौथा त्याला गप्प बस म्हणतो. पुराणकथेत थीसिअसने अरिआद्नीला झोपेत सोडून दिले ते याच बेटावर, हे त्या वेळी कोणाला आठवत नसले तर बरे.

बंदराच्या टोकाशी एका खडकाळ बेटावर संगमरवरी दगडांची एक प्रचंड चौकट उभी आहे. ख्रिस्तपूर्व सहाव्या शतकात लिग्दामिस नावाच्या सत्ताधीशाने अपोलोचे देऊळ बांधायला घेतले, त्याची सत्ता गेली, देऊळ राहिले. दार तेवढे उरले. त्यातून पलीकडे नुसता समुद्र दिसतो. संध्याकाळी करण्यासारखे काहीच नसल्यामुळे अडकलेले सगळे लोक तिकडे चालत जातात. वाऱ्याने उभे राहवत नाही, म्हणून दगडाच्या आडोशाला बसतात. डब्याच्या तळाशी उरलेल्या शंकरपाळ्यांचा चुरा शेजारच्या पोलिश मुलींना आणि एका ग्रीक आजोबांना वाटला जातो, आजोबा तो चाखून मान डोलावतात आणि म्हणतात, “ने.”

या वेळी कोणाचाच घोटाळा होत नाही. रात्री दोनच्या सुमारास वारा पडतो आणि बंदीचा हुकूम उठतो. मोठी बोट दिव्यांनी लखलखत येते, पुरती थांबण्याआधीच तिचा लोखंडी दरवाजा धक्क्याच्या दिशेने खाली येऊ लागतो. नाक्सोसला ती काही मिनिटेच थांबणार असते. चौघे सॅक चढवतात, एकमेकांचे पट्टे ओढून घट्ट करतात आणि गर्दीबरोबर आत धावतात.